‘थोडं जास्तच दाखवलंय’

घरी सिनेमा संपल्या संपल्या जी दोन-तीन वाक्यं बोलली जातात, ती कुठेच नोंदली जात नाहीत. समीक्षकाचं लिहिलेलं राहतं, ॲपवर दिलेले स्टार राहतात, स्टेटसला टाकलेलं निदान चोवीस तास तरी टिकतं. पण क्रेडिट्स वर सरकत असतात, कुणी चार्जर शोधत असतं, कुणी ताटं उचलत असतं, आणि त्या गडबडीत ‘ठीक होता’, ‘शेवट नाही पटला’, ‘पहिला हाफ ओढलाय’, ‘ती सासू झालेली बाई भारी काम करते’ असं काहीतरी तोंडातून निघून जातं. पुढच्या मिनिटाला सगळे आपापल्या फोनमध्ये.

मला ही वाक्यं परीक्षणांपेक्षा जास्त खरी वाटतात. परीक्षण लिहिताना माणूस आरशासमोर उभा असतो. आपण हुशार दिसतोय ना, पुरोगामी दिसतोय ना, हा सिनेमा आवडला म्हटलं तर मित्र हसणार तर नाहीत ना, हे सगळं डोक्यात चालू असतं. सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाला असली काही काळजी नसते. म्हणून त्याचं मत बेसावध असतं, आणि बेसावध क्षणी आपण जे बोलतो त्यात आपण बरेच दिसतो.

मग अशा सहज बोललेल्या मताची काही जबाबदारी असते का? यावरचं तयार उत्तर तुम्हाला माहीत आहे: ‘माझं मत आहे, मी दिलं.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: ‘घरात तरी मोकळं बोलू द्या.’ दोन्ही उत्तरं मी हसण्यावारी नेणार नाही. बाहेर दिवसभर जिभेला लगाम लावून वावरणाऱ्या माणसाला घरात लगाम नको असतो, आणि ते रास्तच आहे. तरीही मला वाटतं की या दोन उत्तरांच्या आड आपण बरंच काही लपवतो. कसं, ते बघायला आधी आपल्या भाषेकडे वळावं लागेल.

मराठीत सिनेमाबद्दल बोलायला क्रियापदांची चैन आहे. आवडला, पटला, भावला, भिडला, अंगावर आला, झेपला नाही, डोक्यावरून गेला. यातली ‘आवडणं’ आणि ‘पटणं’ ही जोडी फार कामाची आहे. सिनेमा आवडतो पण पटत नाही, असं होऊ शकतं. मारधाडीला शिट्ट्या वाजवून बाहेर आलेला माणूस ‘पण खऱ्या आयुष्यात असं वागू नये बाबा’ म्हणू शकतो, आणि त्यात तो खोटा नसतो. उलटंही होतं. एखादी डॉक्युमेंटरी शंभर टक्के पटते, आणि पुन्हा बघायची म्हटलं तर अंगावर काटा येतो. आवडण्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. भेंडी आवडत नाही म्हणणाऱ्याकडे आपण पुरावे मागत नाही. पटण्याचं तसं नाही. ‘नाही पटलं’ म्हटलं की समोरचा ‘का?’ विचारतो, आणि विचारायचा त्याला हक्क असतो. आपणही मग कारण देतो, किंवा देता येत नाही म्हणून चिडतो.

इमॅन्युएल कांटनं १७९० साली ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये जवळपास अशीच एक रेघ ओढली होती. वाइन चांगली लागली तर ‘मला चांगली लागली’ म्हणावं, तेवढ्यावर भागतं. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना आपण नुसतं आपल्यापुरतं बोलत नसतो. समोरच्यानंही मान डोलवावी अशी अपेक्षा त्या वाक्यातच असते. कांटची रेघ रुचणं आणि सुंदर असणं यांच्यामधली. सोफ्यावर मात्र तिसरीच भानगड घडते. तिथे पटण्याबद्दलचं वाक्य आवडण्याचे कपडे घालून येतं. ‘बोअर झाला.’ ‘ओव्हर वाटला.’ ‘थोडं जास्तच दाखवलंय.’ ऐकायला ही सगळी चवीची वाक्यं आहेत, भेंडीच्या पंगतीतली. म्हणून कुणी ‘का?’ विचारत नाही.

आता एक सिनेमा घेऊ. ‘द ग्रेट इंडियन किचन’. जिओ बेबी या दिग्दर्शकाचा हा मल्याळम सिनेमा १५ जानेवारी २०२१ ला नीस्ट्रीम नावाच्या एका छोट्या प्लॅटफॉर्मवर आला आणि तिथून तोंडोतोंडी पसरला. पुढे सान्या मल्होत्राला घेऊन त्याचा ‘मिसेस’ नावाचा हिंदी रिमेक झाला, तो ७ फेब्रुवारी २०२५ पासून झी फाइव्हवर आहे. मी बोलतेय ते मूळ मल्याळमबद्दल. (शेवट सांगणार आहे. इतकी वर्षं झाली, आता स्पॉयलरची माफी मागत नाही.)

गोष्ट एका ओळीची आहे. नाचाची आवड असलेली एक मुलगी लग्न होऊन जुन्या वळणाच्या घरात येते आणि स्वयंपाक करते. बस. कुणालाही नाव नाही. ती, नवरा, सासू, सासरे. सासरे ओरडत नाहीत, मारत नाहीत, अगदी गोड बोलतात. फक्त त्यांना टूथब्रश पेस्ट लावून हातात लागतो. चटणी मिक्सरमधली चालत नाही, वाटलेली लागते. भात चुलीवरचा लागतो. कपडे मशीनमध्ये खराब होतात, म्हणून ते हातानं धुवायचे. नवरा शिक्षक आहे. सासू मुलीच्या बाळंतपणाला निघून जाते आणि सगळं हिच्यावर येतं. पुढे घरातले पुरुष शबरीमलेचं व्रत धरतात आणि तिची पाळी आली की तिला एका खोलीत जवळजवळ कोंडूनच ठेवलं जातं. पण सिनेमाचा मोठा भाग त्याआधीचा आहे. चिरणं, परतणं, वाढणं, उष्टं काढणं, घासणं, पुसणं. पार्श्वसंगीत नावाला, फोडणीचा, भांड्यांचा, नळाचा आवाज. आणि सिंकखालचा गळका पाईप. ती नवऱ्याला प्लंबरचं सांगते, तो हो म्हणतो आणि विसरतो. पुन्हा सांगते, पुन्हा विसरतो.

गेल्या काही वर्षांत मी हा सिनेमा वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या माणसांबरोबर पाहिला आहे. कधी मुद्दाम, कधी कुणी लावला म्हणून. प्रतिक्रिया थक्क व्हावं इतक्या सारख्या असतात. एक: ‘तेच तेच दाखवलंय.’ दोन: ‘इतकं काही नसतं हल्ली.’ तीन: ‘हे त्यांच्याकडे असेल, केरळात, आपल्याकडे नाही.’ चौथी प्रतिक्रिया शब्दांत येत नाही. कुणीतरी उठून जातं, किंवा फोन काढतं, किंवा रिमोट उचलून दहा सेकंद पुढे, दहा सेकंद पुढे.

‘तेच तेच’ याच्यावर जरा थांबायचंय मला, कारण निरीक्षण म्हणून ते अचूक आहे. सिनेमात खरोखर तेच तेच आहे. पण तेच तेच असणं हा त्या सिनेमाचा विषय आहे. ती बाई रोज तेच करते, आणि रोज तेच असल्यामुळे घरातल्या कुणालाही ते दिसत नाही. एकदाच केलेलं पुरणाचं जेवण दिसतं, त्याचं कौतुक होतं, फोटो निघतो. रोजचा कुकर कुणाच्या फोटोत येत नाही. आता बघा, भांडी घासण्याचा तिसरा प्रसंग आला की आपला अंगठा आपोआप स्क्रीनच्या उजव्या बाजूला जातो आणि दोनदा टॅप करतो. म्हणजे आपण नक्की काय करतो? जे त्या घरातले पुरुष करतात तेच. काम होऊन जाऊ दे, आपल्याला थेट जेवणाच्या टेबलाशी न्या. ‘इथे काही घडत नाहीये’ हे मत सिनेमातल्या सासऱ्यांचंही असणार.

या अंगठ्याची सोय अलीकडची आहे. नेटफ्लिक्सनं सिनेमा दीडपट वेगानं बघायची चाचणी २०१९ साली सुरू केली तेव्हा हॉलिवूडचे काही दिग्दर्शक भडकले होते; पुढच्या वर्षी ती सोय अँड्रॉइडवर आलीच. मला त्या भांडणात दिग्दर्शकांची बाजू पूर्ण पटत नाही. मी विकत घेतलेलं पुस्तक मी पानं गाळून वाचू शकते, तसा सिनेमाही. मधेच बंद करायचा हक्क तर फारच चांगला; थिएटरात पैसे गेले म्हणून तीन तास दात-ओठ खात बसणाऱ्या पिढीला विचारा. सिनेमा पूर्ण बघण्याचं कसलंही कर्तव्य आपल्यावर नाही. पण पुढे ढकलत पाहिलेल्या सिनेमाला ‘काही घडत नाही’ म्हणणं मला खटकतं. जे घडत होतं तेच आपण पुढे ढकललेलं असतं.

आता बाकीच्या दोन वाक्यांकडे, ‘इतकं काही नसतं’ आणि ‘हे त्यांच्याकडे असेल’. गंमत अशी की ही दोन वाक्यं हजार वर्षांपूर्वी एका काश्मिरी पंडितानं जवळपास ओळखून ठेवली आहेत. अभिनवगुप्त. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यानं ‘अभिनवभारती’ नावाची टीका लिहिली, आणि प्रेक्षकाला नाटकातला रस लाभण्याच्या आड काय काय येतं याची सात विघ्नं सांगितली. पहिलं विघ्न: समोर दाखवलेलं शक्यच वाटत नाही. ‘असं कुठं असतं का?’ वाटलं की मन तिथे टेकायलाच तयार होत नाही. दुसरं विघ्न जास्त खोल आहे. समोरची भावना ‘ही फक्त माझी’ किंवा ‘ही फक्त दुसऱ्याची’ अशी ठराविक माणसाला, स्थळाला, काळाला बांधून टाकणं. ‘हे केरळातलं आहे’ म्हणणारा काका आणि ‘हे सगळं मला टोमणा म्हणून लावलंयस ना?’ म्हणून बायकोवर भडकणारा नवरा, दोघंही अभिनवगुप्ताच्या हिशोबात एकाच विघ्नात सापडलेत. एकानं गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर ढकलली, दुसऱ्यानं स्वतःच्या अंगावर ओढून घेतली. गोष्ट दोघांनीही पाहिली नाही.

आणि तिसरं विघ्न तर आपल्या हॉलसाठीच लिहिल्यासारखं आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. उद्याची मीटिंग, न आलेला पगार, मुलाचा ताप. यावर उपाय म्हणून तो नाट्यगृहाकडे, गाण्या-बजावण्याकडे, सगळ्या थाटामाटाकडे बोट दाखवतो. हे सगळं उगाच नसतं, म्हणतो. घरचा माणूस काही वेळ घरातून सुटावा म्हणून असतं. अंधार, पडदा, मधोमध नेऊन बसवणारी रांग, तिसरी घंटा. आपण ओटीटी घेतलं तेव्हा पडदा घरात आणला आणि ही सुटका तेवढी बाहेर ठेवली.

इथपर्यंत मी अभिनवगुप्ताच्या मागे निमूट जाते. पुढे त्याच्याशी माझं भांडण आहे. त्याच्या प्रेक्षकाला घर विसरायचं असतं, कारण घर हा अडथळा आहे. पण हा सिनेमाच स्वयंपाकघराबद्दल असेल, आणि बघणारी बाई मधेच कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठून जात असेल, तर ते विघ्न म्हणायचं का? पडद्यावर गॅस बंद होतोय, आणि तीच क्रिया भिंतीपलीकडे तिच्या हातून होतेय. तिचं घर तिच्या बघण्याच्या आड येत नाहीये. तिला हा सिनेमा कळायला दुसऱ्या कुठल्या वाटेनं जायची गरजच नाही. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेलं असणं, हेच इथे बघण्याचं साधन झालंय. अभिनवगुप्ताच्या सभागृहात सहृदय प्रेक्षक होता. ओट्यापाशी उभं राहून मान वाकडी करून हॉलमधला टीव्ही बघणारा प्रेक्षक त्याच्या यादीत नव्हता.

या मान वाकडी करून बघण्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. घरात सिनेमा सगळे ‘एकत्र’ बघतात हे एक गोड असत्य आहे. नीट पाहा, एक जण पूर्ण बघतो, दोघं फोनमधून डोकं वर काढून बघतात, आणि एक जण तुकड्यांत. तुकड्यांत बघणारी बहुतेक वेळा आई असते. ती परत येते, विचारते, ‘काय झालं मधे?’ उत्तर येतं, ‘काही नाही गं, नंतर सांगतो.’ रिमोटला पॉज बटण असतं, ते जेवण आलं की दाबलं जातं, स्विगीवाला आला की दाबलं जातं. ती उठली की दाबलं जातं का, हे तुम्ही तुमच्या घरी मोजून बघा.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा बायकांनी थिएटरं भरून टाकली होती. त्या सिनेमाच्या रडारडीवर विनोद करून शहाण्या मराठी माणसांच्या दोन पिढ्या जगल्या. मलाही त्यातला बराचसा भाग बघवत नाही. पण त्या रडण्यात एक गोष्ट होती जी ओटीटीनं काढून घेतली. तीन तास त्या बाईला कुणी चहा मागू शकत नव्हतं. अंधारात ती सापडतच नव्हती. तिकीट काढलेल्या नवऱ्याइतकाच, त्याच किमतीचा, सलग सिनेमा तिला मिळत होता, आणि शेजारी अनोळखी बायका त्याच जागी रडत होत्या. घरच्या सिनेमात तिला तुकडे मिळतात, आणि मग त्या तुकड्यांवर ती म्हणते, ‘मला काही फारसा कळला नाही.’ ही तिची प्रतिक्रिया म्हणून ऐकून घेणं सोपं आहे. ‘आईला असले सिनेमे झेपत नाहीत.’

म्हणजे घरी दिलेल्या मतात सिनेमा थोडाच असतो. त्यात कुणाला किती बघू दिलं गेलं हे असतं, आणि ते मत कुणाच्या देखत बोललं गेलं हेही असतं. ‘माझं मत’ म्हणताना आपण असं धरून चालतो की वाक्य टीव्हीला उद्देशून होतं. पण टीव्हीला कान नसतात. खोलीत बसलेल्यांना असतात.

‘सैराट’चा शेवट आठवा. आवाज बंद होतो, आणि ते लहान मूल रक्तातून चालत बाहेर येतं. २०१६ साली थिएटरात त्यानंतर अनोळखी माणसंही गप्प बाहेर पडत होती. आता तोच सिनेमा घरी लावलाय असं समजा. आई-वडील, कॉलेजात जाणारी मुलगी, धाकटा भाऊ. शेवट होतो, आणि वडील अगदी साध्या आवाजात म्हणतात, ‘घरच्यांचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती.’ ते सिनेमाबद्दल बोलले. मनानं वाईटही नसतील, त्यांच्या डोळ्यांत पाणीही असेल. पण त्या मुलीच्या फोनमध्ये जर एखादं नाव वेगळ्या आडनावाचं सेव्ह केलेलं असेल, तर तिला त्या रात्री तिच्या घराचा कायदा कळला. वडिलांनी उच्चारलाही नाही, आणि कळला. पुढे वर्षभरात ती काही सांगणार असेल तर त्या एका वाक्याचा विचार करून सांगणार, किंवा सांगणार नाही. उलट बाजूही तितकीच खरी. त्याच जागी कुणी नुसतं ‘पोरांना मारून काय मिळालं त्यांना’ म्हटलं, तर ते ऐकणाऱ्या मुलीला एक दार किलकिलं दिसतं. सहज दिलेली प्रतिक्रिया अशी वजनदार असते, आणि ती सहज असते म्हणूनच. ठरवून केलेलं भाषण पोरं ऐकतच नाहीत.

‘द ग्रेट इंडियन किचन’मध्येच सहज बोलण्याचा एक प्रसंग आहे. नवरा घरी जेवताना चघळलेलं सगळं ताटाबाहेर टेबलावर टाकतो, ते रोज तिला उचलावं लागतं. एकदा दोघं हॉटेलात जेवायला जातात, तिथे तो उष्टं नीट वेगळ्या बशीत ठेवतो. ती हसत म्हणते, म्हणजे बाहेर शिस्त येते की तुम्हाला. एवढंच. कुठलीही बायको कुठल्याही नवऱ्याची काढेल अशी साधी खोडी. तो बिथरतो. माझ्या घरात मी मला हवं तसं वागेन, या अर्थाचं बोलतो, आणि तिला माफी मागायला लावतो. एकाच छताखाली तो काहीही टाकू शकतो, ती एक वाक्यही टाकू शकत नाही. ‘घरात तरी मोकळं बोलू द्या’ हे वाक्य मला त्या प्रसंगानंतर पूर्वीसारखं ऐकू येत नाही. घरात मोकळं बोलायची सवलत सगळ्यांना सारखी वाटलेली असते, हे गृहीत कुणी धरलं? सिनेमा बघून झाल्यावर कोण पहिलं मत देतं, आणि कोण ते मत ऐकून आपलं मत ठरवतं, हे बघितलं तरी पुरे.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो मला टाळायचा नाही. प्रत्येक ‘ठीक होता’ची अशी चिरफाड करायची तर घराचं कोर्ट होईल. वडील सिनेमा बघायचेच बंद होतील, किंवा लेकीसमोर तोलूनमापून, लेकीला आवडेल असं बोलतील. मग जी बेसावध खरी वाक्यं मला सुरुवातीला इतकी आवडत होती, तीच संपतील. हे बरोबर आहे. हल्ली काही घरांत हे झालेलंही दिसतं. तरुण पोरं पालकांच्या प्रत्येक प्रतिक्रियेवर शिक्का मारतात, ‘बाबा, हे प्रॉब्लेमॅटिक आहे’, आणि बाबा पुढच्या वेळी बातम्या लावून बसतात. शिक्का मारणाऱ्यानंही सिनेमा पाहिलेला नसतोच. तो बाबांना बघत बसलेला असतो, कधी घसरतात म्हणून.

माझा आग्रह त्याहून लहान आहे. वाक्य बेसावधच असू दे, चुकीचं असलं तरी असू दे. फक्त त्याला भेंडीच्या पंगतीत बसवू नका. ‘थोडं जास्तच दाखवलंय’ म्हणणाऱ्याला प्रेमानं ‘कुठलं जास्त वाटलं?’ असं विचारता यायला हवं, आणि विचारल्यावर त्याला अपमान वाटू नये. कारण या प्रश्नाला उत्तर आहे. चटणी जास्त होती? टूथब्रश जास्त होता? पाईप? एका घरात हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी तिथे होते. काका खरोखर विचार करायला लागले, आणि म्हणाले, ‘टूथब्रशचं जास्त वाटलं. बाकीचं आमच्या वडिलांचं होतं तसंच.’ मग पुढचा अर्धा तास ते वडिलांबद्दल बोलले. आवडण्याच्या खात्यात टाकून संपलेलं वाक्य पटण्याच्या खात्यात आणलं की असं कधीकधी उघडतं. कधीकधी भांडणही होतं. ते झालं तरी माझी हरकत नाही.

आणि काही प्रतिक्रिया दोन्ही खात्यांत बसत नाहीत. एका मैत्रिणीची आजी ऐंशीच्या पुढची. तिला मल्याळम येत नाही, सबटायटल वाचता येत नाहीत. हा सिनेमा लावला तेव्हा तिला झोपवून लावायचा विचार होता, पण ती बसून राहिली. तासभर एक शब्द बोलली नाही. सिंकखालचा पाईप तिसऱ्यांदा गळायला लागल्यावर मात्र पडद्यावरच्या मुलीला म्हणाली, ‘अगं, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळ त्याला. महिनाभर निघतो.’

नात म्हणाली, ‘आजी, सिनेमा आहे तो.’

‘कळतंय मला. पण ओलं राहिलं की पाय घसरतो.’

शेवटाकडे ती मुलगी त्या पाईपखाली साठलेलं घाण पाणी उचलून नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या अंगावर फेकते. आम्ही तरुण पोरी सोफ्यावर ओरडलोच आनंदानं. आजी पुढे झुकली आणि म्हणाली, ‘आता हे पुसणार कोण?’

आम्हाला तेव्हा हसू आलं. सिनेमा संपता संपता त्याच स्वयंपाकघरात दुसरी बायको आलेली दिसते, म्हणजे कोण पुसणार याचं उत्तर दिग्दर्शकानंही काढून ठेवलंय. पण आजीनं ते विचारलं तेव्हा तो प्रसंग यायचा होता. पाणी अजून त्यांच्या अंगावरून निथळत होतं.